अडकलेली होडी

मामा कुठल्याही वस्तूवर आधी अंगठ्याचं नख फिरवून बघत. चिकूवर फिरवत ते ठीक, ते त्यांचं कामच होतं. साल जराशी खरवडली आणि खाली हिरवं दिसलं तर फळ कच्चं, पिवळसर दिसलं तर तयार. पण मामांचं नख चिकूपाशी थांबत नसे. वखारीत नवी खुर्ची आली, नख. शेठनी मोबाइल बदलला, नख. मी माझ्या लग्नाची पत्रिका हातात दिली, तर तिच्यावरच्या गणपतीच्या सोंडेवर नख फिरवून म्हणाले, "अजून हिरवं आहे." माझं तोंड पडलेलं बघून घाईघाईने म्हणाले की बेन, मी शाईबद्दल बोलतोय, ओली आहे.

आता तुम्ही म्हणाल, असे विक्षिप्त म्हातारे गावोगाव असतात. असतात ना. पण तुमच्या गावचा म्हातारा व्हिडिओ गेमच्या काळजीने जेवायचा थांबला होता का? आमचा थांबला होता.

मी घोलवडला चिकूच्या वखारीत काम करते. फोन घ्यायचे, गाड्या ठरवायच्या, दिल्लीच्या व्यापाऱ्याच्या शिव्या ऐकायच्या आणि त्या शेठना गाळून सांगायच्या. मामा माल निवडणाऱ्यांचे मुख्य. राहणार गंजाडकडचे, बोलणं निम्मं मराठी, निम्मं गुजराती, आणि रागावले की तिसरंच काहीतरी. मोठा चिकू, मधला आणि गोटी असे तीन ढीग ते न बघता करत. हात चालू आणि तोंडही चालू. वखारीतला त्यांचा कायदा एकच, भरलेली पेटी पुन्हा उघडायची नाही. फळ एकदा गवतात बसलं की त्याला हलवलं तर डाग पडतो. शेठ जरी म्हणाले की वरचा थर बघू दे, तरी मामा पेटीवर चक्क बसून घेत.

सकाळी बागेतून फळ येतं, धुतलं जातं, निवडलं जातं, दुपारी पेट्या भरून होतात. मग गाडीची वाट बघायची. वाट बघणं हा आमच्या धंद्यातला अर्धा धंदा. त्या रिकाम्या दुपारी बायका एकमेकींच्या उवा काढत, पुरुष पत्ते कुटत आणि मी जांभया देत बसे. शेठचा पुतण्या परदेशी निघाला तेव्हा जाताना त्याने टीव्हीला लावायचा जुना गेम वखारीत आणून टाकला. सोबत डबाभर सीड्या. त्यातली एकच चालली. तिच्यावरची अक्षरं जपानी की चिनी, आम्हाला दोन्ही सारखंच.

त्या गेममध्ये मारामारी थोडी आणि चालणं फार. एक पोरगा गावातून निघतो. वाटेत माणसं भेटतात, त्यातली काही त्याच्या मागे रांगेत चालायला लागतात. तुम्ही म्हणजे तो पोरगा. अशा खेळाला रोल-प्लेइंग म्हणतात हे मला फार पुढे कळलं. आम्ही नुसतं नदीचा गेम म्हणत होतो.

रिमोट मामांच्या हातात कसा गेला ते आठवत नाही, पण गेला तो गेलाच. पडद्यावर कोणी भेटलं की खाली चौकट उघडायची आणि तिच्यात ती मुंग्यांसारखी अक्षरं. मामा ती वाचून दाखवत. म्हणजे वाचत कसले, माणसाचं तोंड बघून सांगत. हा बोलतो, पुढं नको जाऊ, रस्ता धुपलाय. ही बोलते, तांदूळ संपला, नाचणी ने. जयवंती म्हणून आशागडची एक आहे, पेट्यांना खिळे मारते, जिभेलाही खिळेच आहेत. तिने एकदा विचारलं, "मामा, हे तिथं लिवलंय?" मामा शांतपणे म्हणाले, "लिहिलं नाय. पण तिचं तोंड बघ ना." जयवंतीने तोंड बघितलं आणि ती पुढे सरकून बसली. त्यानंतर आम्ही सगळे तोंडच बघायला लागलो. मी तर कबूल करते, नवरा फोनवर काय बोलतोय त्यापेक्षा त्या पोराच्या मागे चालणारी लंगडी बाई आज कुठे पोचणार याची मला जास्त काळजी असे.

मग नदी आली.

संध्याकाळचं आभाळ, काळं पाणी, काठाला एक होडी आणि डोक्याला फडकं बांधलेला नावाडी. पलीकडे दूर एक दिवा. पोरगा रांगेसकट होडीत बसतो, नावाडी बांबू टेकवतो, होडी सुटते, दिवा जरासा मोठा होतो आणि सीडी अडकते. चित्र थिजतं. एक घरघर येते आणि बस्स.

आम्ही काय केलं नाही? सीडी पुसली, टूथपेस्टने घासली, मशीन उलटं ठेवून चालवलं, टीव्हीसमोर नारळ ठेवला. जयवंतीने नजरसुद्धा काढली. होडी दर वेळी त्याच पाण्यात उभी. शेवटी वखारीत ती बोलायची रीतच झाली. मनोरजवळ गाडी बंद पडली, की होडी अडकली. शेठ पगाराचं बोलता बोलता दुसऱ्याच विषयावर गेले, की होडी अडकली.

दिव्यापाशी कोण आहे, हा मग वखारीतला मोठा वाद. कोणी म्हणे राक्षस, कोणी म्हणे राजकन्या. मी म्हटलं, काही नसेल, चहाची टपरी असेल. मामांचं मात्र ठरलेलं होतं. तिथे त्या पोराचा मोठा भाऊ आहे. तो आधी गेला होता, त्याने दिवा लावलाय आणि तो वाट बघतोय. मी विचारलं, मामा, भाऊ आला कुठून, गेममध्ये भाऊ दिसलाच नाही. ते म्हणाले, दिसला नाही म्हणूनच तिकडे असणार.

हे मी वखारीतल्या बायकांना हसून सांगितलं. दुसऱ्या दिवशी जयवंतीने मला पाण्याच्या टाकीमागे नेऊन झापलं. मामांचा मोठा भाऊ खलाशी होता. आमच्या भागातली पुष्कळ माणसं गुजरातच्या बंदरांवर मासेमारीच्या बोटींवर जातात, तसाच तोही गेला. एका वर्षी बोट परत आली नाही. पाकिस्तानने पकडली म्हणावं तर पकडलेल्यांत नाव नाही, बुडाली म्हणावं तर लाकडाचा तुकडा नाही. मामांच्या आईने मरेपर्यंत त्याची थाळी वेगळी ठेवली. एवढं सांगून जयवंती म्हणाली, आता हस. मला कसलं हसू येतंय. त्या दिवसापासून मी चहाच्या टपरीचं नाव काढलं नाही.

मामांना साखर होती आणि गोड सोडायचं नव्हतं. चिकूच्या वखारीत राहून कोण सोडणार? हळूहळू त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. त्याच सुमारास वखारीला रंग काढायचा ठरला, आणि मशीन खराब होऊ नये म्हणून मामांनी ते स्वतः बांधून ठेवलं. त्यांना बांधायची एकच तऱ्हा ठाऊक. चिकूची पेटी घेतली, तळाला गवत, मध्ये मशीन आणि सीडी, वर कागद, पुन्हा गवत, झाकण आणि खिळे. इतकी सुबक भरली की बघत राहावं. ती फळीवर बाजूला ठेवली.

पुढे हंगामाची गर्दी उसळली. गाडी दारात उभी, हमाल पळतायत, कोणीतरी फळीकडे बोट दाखवून ओरडलं, मामा, ही पण? मामांनी त्या दिशेला मान वळवली. दिसलं काय असेल, एक चौकोनी धुकं. त्यांनी विचारलं, भरलेली आहे ना? भरलेली आहे म्हटल्यावर म्हणाले, मग चढव. आणि भरलेली पेटी आमच्याकडे कोणी उघडत नाही. नदीचा गेम चिकूंच्या ढिगात बसून दिल्लीला गेला.

मी फोनवर फोन केले. व्यापारी आधी शिव्या देऊन मोकळा झाला, मग म्हणाला, हाँ, एक पेटी में कुछ प्लास्टिक का डब्बा निकला था, कबाड़ी को दे दिया. मी मामांना सांगितलं. ते टेबलावर नख फिरवत बसले. मला वाटलं होतं की निदान हमालाला दोन शिव्या घालतील, पण त्यांनी त्याला काही म्हटलं नाही. चढव कोणी म्हटलं होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

बरेच दिवस दुपारी कोणी टीव्हीकडे बघितलं नाही. आणि मग एक दिवस मोबाइलवर बोट फिरवता फिरवता मला तोच नावाडी दिसला. फडकं तेच, बांबू तोच, पण चित्र इतकं झकास की पाण्यावरचे तरंग मोजावेत. मी जागची उठले. कंपनी तो जुना गेम नव्याने करत होती. जगभर त्याचे वेडे आहेत, आम्हीच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. गेमला नावही होतं. ते मला आजही नीट उच्चारता येत नाही.

मी फोन मामांच्या नाकाशी धरला. त्यांनी डोळा बारीक केला, खूप वेळ बघितलं आणि काचेवर नख फिरवलं. "अजून हिरवं आहे," म्हणाले. पण त्या दुपारी त्यांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

मग आमच्या वखारीत जे सुरू झालं ते जगभर सुरू होतं, हे मी भाषांतराचं बटण दाबून दाबून वाचत होते. कोणी म्हणे, आयुष्याचं सोनं झालं. कोणी म्हणे, वाट लावणार, जुन्यातला जीव काढून नुसता रंग फासणार. फडक्याचा रंग बदलला म्हणून दोन माणसं एकमेकांच्या आईबापांपर्यंत गेली होती. आमच्याकडे जयवंतीला भीती की पोराला मालिकेतल्यासारखं गुळगुळीत करतील. मला भीती की लंगडी बाई बरी करून टाकतील. मामांना भीती की नावाड्याला बोलायला लावतील. ज्याला एवढी माणसं पार करायची आहेत तो बडबड करत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण हे सगळं वरवरचं. आत त्यांना हवं होतं ते एवढंच की कसंही करा, घाण करा, गुळगुळीत करा, पण होडी पलीकडे लावा.

मी म्हटलं, मामा, पलीकडे काय आहे ते इंटरनेटवर पडलंय. लोकांनी शेवटपर्यंत खेळून टाकलंय. मी आत्ता बघून सांगते. त्यांनी झटकन फोनवर पंजा ठेवला. म्हणाले, "चाललो नाय, तर पोचलो कसं बोलणार?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले की तिथं दुसराच कोणी निघाला तर ते मला तिथं उभं राहून बघायचंय, बेन. इथं खुर्चीत बसून नको.

मी फोन पर्समध्ये टाकला.

कंपनीने तारीख दिली आणि पुढे ढकलली. पुन्हा दिली, पुन्हा ढकलली. दर वेळी मोठं माफीपत्र, आम्ही आपल्या प्रेमाला साजेसं काम करू इच्छितो वगैरे. इकडे मामांच्या डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं होतं. इंजेक्शनं झाली, लेझर झालं, डॉक्टरांनी हात टेकले नाहीत पण खांदे उडवले. डावा डोळा गेला, उजव्यात उजेड आणि काळोख तेवढा राहिला. मी त्या माफीपत्राखाली भाषांतर करून लिहिलं की कृपया लवकर करा, आमच्या इथे एका माणसाची दृष्टी जात आहे. त्याच्याखाली कोणीतरी हसरी तोंडं टाकली. एकाने बदाम टाकला. कंपनीने काहीच टाकलं नाही. कशाला टाकेल? तिला काय ठाऊक घोलवड कुठे आणि मामा कोण. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी दिल्लीच्या व्यापाऱ्याला पहिल्यांदाच उलट बोलले.

मामा मात्र कामावर येत. चिकू निवडायला डोळे लागत नाहीत, म्हणत. नख फिरवत, आणि रंग दिसेना तेव्हा नख नाकाशी नेऊन वास घेत.

शेवटी नवा गेम आला. शेठच्या पुतण्याला मी आधीच फोन करून गळ घातली होती. तो सुट्टीला आला तेव्हा नवं मशीन आणि गेम घेऊन आला, भला माणूस. दुपारच्या रिकाम्या वेळात, कितीतरी दुपारी, आम्ही तो खेळलो. रिमोट माझ्या हातात. मामा टीव्हीला खेटून स्टुलावर, मान जरा वाकडी करून, उजवा डोळा काचेला लावून. आता त्यांना आम्ही सांगायचं होतं.

मला ते जमेना. मी म्हणे, एक बाई आहे, दुकान आहे. मामा म्हणत, तोंड कसं आहे? माझं होई फे फे. मग जयवंती सांगायला लागली. ती म्हणे, तोंड असं आहे की नवरा प्यायला गेलाय आणि हिने अजून चूल पेटवली नाय. मामा मान हलवत, हां, मग ती बोलत असेल, नंतर या. लंगडी बाई लंगडीच होती. पोरगा गुळगुळीत केला होता, पण फार नाही. सगळे जण आता इंग्रजीत बोलत होते, आणि मला त्यातलं थोडं कळत होतं. दुकानवाली खरं तर तलवारी विकत होती. मी ते कोणाला सांगितलं नाही.

नदी आली तेव्हा वखारीतले सगळे येऊन उभे राहिले. नावाड्याने तोंड उघडलं आणि काहीतरी लांबलचक बोलला. मामा पुटपुटले, हा कशाला बोलतो? पण रागावले नाहीत. होडी सुटली. जिथे इतकी वर्षं अडकत होती ते पाणी आलं, आणि होडी त्यावरून गेली. मागे कोणीतरी रडलं. मला वाटतं तो हमाल होता, ज्याने पेटी चढवली होती तो.

"दिवा मोठा झाला?" मामांनी विचारलं.

मी म्हटलं, झाला.

"कोण आहे?"

दिव्यापाशी एक आकृती उभी होती. ती वळणार, तेवढ्यात पडदा काळा झाला. बारीक सूर सुरू झाला आणि पांढरी नावं खालून वर सरकायला लागली. त्याआधी मध्यभागी एक ओळ येऊन गेली, पहिला भाग समाप्त. एका गेमचे त्यांनी भाग केले होते. आणि कापायला त्यांना सगळी पृथ्वी सोडून तीच नदी मिळाली.

जयवंतीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माणूस आहे, मामा. उंच आहे. खांद्यावर जाळं आहे. हात वर करतोय. मामा ऐकत राहिले, आणि मग त्यांनी चाचपडत माझा हात शोधून त्यावर हात ठेवला.

"बेन, नावं चालली ना वर?"

मी हो म्हटलं.

ते म्हणाले, चालू दे, बंद नको करू, एवढ्या माणसांनी केलंय. नावं संपेपर्यंत ते तसेच बसले होते. मग काचेवर नख फिरवून हळूच म्हणाले, "अजून हिरवं आहे." बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, सगळे पेट्या चढवायला गेले, आणि मामांना कोणी हाक मारली नाही.

त्या हंगामानंतर मुलगी त्यांना तलासरीला आपल्या घरी घेऊन गेली. मी एकदा भेटायला गेले, सोबत चिकू घेऊन, आणि मुलीची बोलणी खाल्ली. मामा ओटीवर बसले होते. फळ हातात घेऊन त्यांनी नख फिरवलं, वास घेतला, तयार आहे म्हणाले आणि परत पिशवीत ठेवलं. दुसऱ्या भागाचं विचारलं. मी म्हटलं, कंपनी म्हणते लवकरच. ते हसले. कंपनीचं लवकर त्यांना आता पाठ झालं होतं.

निघताना म्हणाले, "आला की तुम्ही जा पलीकडं. आणि तिथं जो असेल त्याला सांगा, तुझा भाऊ निघाला होता. होडी अडकली."

मी सांगते म्हटलं. आणखी काय म्हणायचं होतं हो? तो गेम आहे, मामा, असं म्हणायचं होतं? मी रिक्षात बसून ढसाढसा रडले आणि रिक्षावाल्याने विचारलं की दवाखान्यात नेऊ का.

मामा पुढच्या पावसाळ्यात गेले. दुसरा भाग अजून आलेला नाही.

दुपारी पेट्या भरून झाल्या की अधूनमधून मी मशीन लावते. पोराला चालवत नदीपर्यंत आणते, मागे रांग आहे, लंगडी बाई आहे, पलीकडे दिवा आहे. नावाडी बोलायला लागतो, मी त्याचा आवाज बंद करते. होडीत बसवत नाही, बसवलं की काळोख होतो. जयवंती विचारते, मग आणलंस कशाला इथवर? मी म्हणते, गप बस.

नव्या भागाची चित्रं यायला लागली आहेत. दिव्यापाशी जुन्यातलाच माणूस ठेवतील की बदलतील यावर जगभरची माणसं पुन्हा भांडतायत, फडकं लाल हवं की करडं यावरही. मला त्यातलं काही नको. या गेममध्ये समोरचा बोलतो तेव्हा बहुतेक वेळा आपण नुसतं ऐकायचं असतं, आणि कधीतरीच उत्तर द्यायला बटण येतं. त्या काठावर ते बटण येईल का, एवढंच मला बघायचं आहे.